नाकाच्या ठशांची फेरी

पाचवं वासरू टेबलावर आलं तेव्हा चिगुसाने नेहमीसारखे हात जोडले, डोळे मिटले आणि मनात म्हणाली, "माफ कर बाळा, पण तू तरी मला खरं सांग." आधीच्या चौघांनी तिला पार चकवलं होतं.

जिल्ह्याच्या पशुरोग केंद्रात मेलेली जनावरं उघडून मरणाचं कारण शोधायचं, हे तिचं काम. ऐकून लोक नाक मुरडतात. मुरडोत बापडे! त्यांच्या गोठ्यात साथ आली की याच बाईच्या दारात धावत येतात. आधीच्या चार वासरांच्या फुप्फुसांचे तुकडे गावच्या डॉक्टरने डब्यात घालून पाठवले होते, आणि चारही डब्यांत न्यूमोनियाचा तोच तो नेहमीचा जिवाणू निघाला होता. औषधही नेहमीचंच. इंजेक्शनं टोचली की वासरं दोन दिवस बरी दिसत, तिसऱ्या दिवशी पुन्हा फणफणत, आणि तेवढ्यात शेजारच्या गोठ्यात कोणीतरी खोकायला लागे. बारा दिवसांत पाच गेली. ओकुदानीच्या दरीत घरं अकरा, वासरं त्रेचाळीस. उरलेल्या अडतिसांपैकी सतरा तापात होती. आणि ओकुदानी म्हणजे चिगुसाचं स्वतःचं गाव.

हे पाचवं वासरू फुजिनो आजीचं. आजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, घरात एकटी. गोठ्यात एक गाय अन् हे एक वासरू, एवढाच तिचा संसार. पहाटे वासराने मान टाकली आणि अर्ध्या तासात आजीने ते आपल्या दुलईत गुंडाळून छोट्या पांढऱ्या ट्रकमध्ये घातलं अन् स्वतः गाडी हाकत केंद्रावर आणलं.

"डॉक्टर म्हणत होता, तुकडे पाठवतो. म्हटलं, तुझे तुकडे गेले खड्ड्यात! अख्खं घेऊन आलेय. काय बघायचंय ते बघ पोरी, पण नीट बघ."

"बघते आजी. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या."

"मी कुठे जात नाही. माझं लेकरू आहे ते," आजी म्हणाली आणि दाराबाहेरच्या बाकावर ताठ बसली.

चिगुसाने छाती उघडली. फुप्फुसांचा पुढचा भाग काळपट लाल, काळजासारखा टणक, वर पिवळट साय धरलेली. तुकडा पाण्यात टाकला तर दगडासारखा तळाला गेला. ही जिवाणूची करणी, पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. पण मागचा भाग? तो गुलाबी होता, फुगलेला होता, आणि छाती उघडल्यावर जसा खाली बसायला हवा तसा बसतच नव्हता. बोटाने दाबला की आत अडकलेली हवा चुरचुरायची. डॉक्टरने हा भाग एकदाही पाठवला नव्हता, कारण वरवर तो धडधाकट दिसतो. जिथे जास्त सडलंय तिथेच बघायचं, ही सगळ्या माणसांची खोड. चिगुसाचीही होती. डब्यातून येईल तेवढंच बघून तिने चार अहवालांवर सही ठोकली होती, आणि आता तिचं तिलाच वाईट वाटलं.

तिने श्वासनलिका उभी चिरली. आतलं अस्तर लालबुंद, सोलवटलेलं. मग नाक पाहिलं. नाकाच्या सुरकुत्यांत काळी शाई अडकली होती, पुसूनही न गेलेली.

ती शाई पाहून तिला जरा बरंच वाटलं. बाबांचा हात फिरलाय म्हणायचा! तिचे वडील एइझो ओकुदानीत चाळीस वर्षं वासरांच्या नाकांचे ठसे घेत होते. माणसाच्या अंगठ्यासारखं वासराचं नाक. एकाचं दुसऱ्यासारखं नाही. वासरू चार महिन्यांचं झालं की नाक पुसायचं, शाई लावायची, कागद टेकवायचा. त्या कागदावर त्याचं नाव, आई, आजी, पणजी. तो नसेल तर काळ्या गायीचं कितीही खानदानी वासरू असो, ते अनाथ. एइझोचा एकही ठसा कधी फिसकटला नव्हता, आणि हे तो दिवसातून निदान दोनदा सांगायचा. चिगुसाने सवयीने नोंद केली, 'नाकपुडीत काळी शाई', आणि मागच्या फुप्फुसाचे तुकडे काचपट्ट्यांसाठी ठेवून दिले.

तीन दिवसांनी काचपट्ट्या तयार झाल्या. चिगुसाने पहिली सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली आणि खुर्चीतून अर्धी उठलीच.

"अगं बाई! इथे लपलायस होय रे चोरा!"

बारीक श्वासनळ्यांच्या कडेला ज्या पेशी शहाण्यासारख्या ओळीत उभ्या असायच्या, त्या एकमेकींत विरघळून गेल्या होत्या. एकेका गोळ्यात आठ-आठ, दहा-दहा केंद्रकं. हे जिवाणूचं काम नव्हे. हे एका विषाणूचं काम, आणि ती त्याची सहीच म्हणा ना. दुपारी नाकातल्या बोळ्याची तपासणीही तेच बोलली. म्हणजे दुखणं एक नव्हतं, दोन होती, एकाच्या पाठीवर दुसरं. विषाणू आधी शिरायचा आणि घाण बाहेर लोटणारं श्वासनळीचं अस्तर उखडून टाकायचा. जिवाणू तर नाकात टपून बसलेलाच. दार उघडं दिसलं की सरळ आत. पुढच्या सडक्या भागातून विषाणू चार दिवसांत पसार, आणि डब्यातल्या तुकड्यांत हाती लागायचा तो मागून आलेला भुरटा. म्हणून इंजेक्शनांनी वासरं बरी व्हायची अन् साथ मात्र हटायची नाही.

आता एकच प्रश्न उरला. विषाणू या घरातून त्या घरात जातो कसा? घरं डोंगराच्या उतारावर लांब लांब, मध्ये भातखाचरं. वासरं कधी एकमेकांना भेटत नाहीत.

गावाकडे उत्तर तयार होतं: कोगा. ओसाकातली नोकरी सोडून तो दोन वर्षांपूर्वी दरीच्या तळाशी, पुलाजवळच्या पडक्या गोठ्यात राहायला आला होता, आणि उन्हाळ्यात त्याने बाहेरून एक गाभण गाय आणली होती. गावप्रमुख तोकुजिरो पहिल्या दिवसापासून म्हणत होता, "बाहेरची गाय, बाहेरचा रोग!" कोगाच्या गोठ्यात कोणी आजारी नव्हतं, तर म्हणे चोर स्वतःचं घर फोडतो काय? असल्या माणसापुढे काय बोलायचं!

पण चिगुसाच्या डोक्यात तेच अडकलं. कोगाचंच वासरू धडधाकट कसं? तिने आजारी वासरांची यादी पुढे ओढली. प्रत्येक गोठ्यात आधी आजारी पडलेलं वासरू कोणतं, एवढंच बघितलं. दहा गोठ्यांत दहाही वासरं चार महिन्यांची. तान्हं एकही नाही, मोठं एकही नाही. कोगाचं वासरू जेमतेम दीड महिन्याचं. मग तिने तिचीच नोंद वाचली, 'नाकपुडीत काळी शाई'.

बाबा ठसे घ्यायला जाताना एक पत्र्याचा डबा नेत. डब्यात गरम पाण्यात भिजवलेला टॉवेल. वासराच्या नाकाला गार लागू नये, ते बिचकू नये म्हणून. चाळीस वर्षांची त्यांची माया होती ती. एकच टॉवेल, कोमट, ओला, दहा घरांतल्या नाकांवरून फिरलेला.

खोटं कशाला सांगू, घटकाभर तिला वाटलं, गप्प बसावं. विषाणू सापडला, लस आहे, औषध आहे. टॉवेलचं नाव काढलंच पाहिजे असं थोडंच आहे? बाबांनी आयुष्यात एक गोष्ट अभिमानाने केली होती. पण सोमवारी त्यांची दुसरी फेरी होती. अजून नऊ वासरं, नऊ नाकं, तोच डबा. आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देणारं गाव आज चार वाजता सभा घेऊन कोगाची गाय दरीबाहेर काढणार होतं. तिने घरी फोन लावला. कोणी उचलला नाही. बाबा सभेला निघून गेले होते.

तिने गाडी अशी हाणली की विचारू नका.

सभागृहात सगळे चटयांवर मांड्या घालून बसले होते. कोगा दाराजवळ, बूट काढायच्या जागेच्या काठावर, मान खाली. तोकुजिरो पुढे.

"ये चिगुसा, ये! बरं झालं आलीस. सरकारचा शिक्का मिळाला की काम पक्कं. सांग यांना, रोग कोणी आणला."

"रोग दोन आहेत तोकुजिरोकाका. एकामागून एक येतात. दुसरा आपल्याला माहीत होता, पहिला आज सापडला. फुजिनो आजींनी वासरू अख्खं आणलं म्हणून सापडला."

आजीने नाक ओढलं. "मी म्हटलंच होतं."

"दोन असोत नाहीतर दहा! आणले कोणी ते सांग. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर!"

चिगुसाने वडिलांकडे पाहिलं. एइझो खिडकीपाशी बसला होता, बोटांना कायमची काळी झाक असलेला, लेकीकडे कौतुकाने बघत.

"बाबा, मागच्या महिन्यात ठशांची फेरी कशी केलीत? घरं क्रमाने सांगाल?"

"हे काय विचारणं झालं? मानाप्रमाणे! वरून खाली. आमचे आजोबाही तसेच करायचे. पहिलं तोकुजिरोचं घर."

"तारीख?"

"नऊ."

"तोकुजिरोकाकांच्या वासराला ताप तेरा तारखेला." तिने यादीवर बोट ठेवलं. "पुढे?"

"मग काजियांचं. मग वरचे उएदा. मग खालचे उएदा…"

"तेरा. तेरा. चौदा. पहिल्या दिवशी सहा घरं केलीत ना? सहाही घरांत ताप तेरा-चौदाला. पुढे?"

"दहा तारखेला पाणचक्कीचं घर…" एइझोचा आवाज मंदावला. "मग देवळाजवळचं… मग फुजिनो वहिनी…"

"चौदा. पंधरा. पंधरा."

"आणि कोगाकडे गेलोच नाही. त्याचं तान्हं होतं." एइझो थांबला. माणूस अडाणी नव्हता; चाळीस वर्षं जनावरांच्या तोंडाशी तोंड लावून काढलेली. त्याने आपल्या काळ्या बोटांकडे पाहिलं.

"टॉवेल," तो म्हणाला.

"हो, बाबा."

एइझो उठला, मधोमध आला, गुडघे टेकले आणि कपाळ चटईला लावलं. "फुजिनो वहिनी, तुमचं वासरू मी मारलं. सगळ्यांचीच मी मारली. कोगासान, तुमची तर मान वर करून माफी मागायचीही माझी लायकी नाही. आजपासून हा हात कुठल्याच नाकाला लागणार नाही."

चिगुसाला तिथेच रडू फुटलं. बापाला असं वाकलेलं बघायला कोणाला आवडतं? पण रडताना तिला एक गोष्ट लख्ख कळत होती: कोणी न ढकलता, तिने नाव न घेता, हा माणूस स्वतः पुढे आला होता. एवढा मोठा तो तिला कधीच दिसला नव्हता.

"ऊठ एइझो," फुजिनो आजी कडाडली. "टॉवेलला काय स्वप्न पडलं होतं? रोग पहिल्या नाकावर होता म्हणून टॉवेलला लागला. पहिलं नाक कोणाचं? काय रे तोकुजिरो? फेरीच्या आधी शहरातल्या प्रदर्शनात वासरू मिरवून आणलंस, आणि परत आल्यावर आठ दिवस तुझा गोठा खोकत होता. तुझ्या बांधाला लागून माझा वाफा आहे, तिथे ऐकू यायचं. मी विचारलं तर म्हणालास, पेंढ्याची धूळ आहे!"

तोकुजिरो लाल झाला, मग पांढरा झाला. "धूळच वाटली मला…"

"धूळ म्हणे! आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून! आणि पोरा," आजी कोगाकडे वळली, "तू काय तोंडात गूळ धरून बसलायस? बोल की काहीतरी."

कोगा गडबडून म्हणाला, "मी… माझ्याकडे टॉवेल पुष्कळ आहेत. लग्नात सगळ्यांनी टॉवेलच दिले होते."

काजिया फिसकन हसला, त्याच्यामागे सगळं सभागृह. पंधरा दिवसांत गाव पहिल्यांदा हसलं. तोकुजिरोही खाली मान घालून हसला, आणि हसता हसताच कोगापुढे वाकला. किती वाकला ते मोजायला आजी होतीच.

मग चिगुसाने डोळे पुसले आणि हुकूम सोडायला सुरुवात केली. दुसऱ्याच्या गोठ्यात कोणी पाऊल टाकायचं नाही. जी अजून निरोगी आहेत त्यांना आज संध्याकाळच्या आत नाकात लस. आजारी वेगळी बांधायची. जिवाणूचं औषध चालू, वर फुप्फुसाची सूज उतरवायचं. कामाला निरोगी गोठ्यापासून लागायचं, आजारी शेवटी, म्हणजे सगळं खालून वर. आणि रोज सकाळी सातला प्रत्येक वासराचा ताप.

"आकडे कळवायचे कसे? इथे मोबाईलला रेंज नाही," काजिया म्हणाला.

"आणि घरच्या फोनवर फुजिनो आजी तासभर सोडत नाहीत," कोणीतरी कुजबुजलं.

"ओरडू!" आजी म्हणाली. "पूर्वी पाण्याची पाळी कशी सांगायचो?"

ठरलं तसंच. रोज सातला पुलावरून कोगा ओरडे, त्यात पुढचं घर आपला आकडा मिळवून वर फेके, असं करत बेरीज तोकुजिरोच्या अंगणात पोचे, आणि तो आगीची जुनी घंटा तितके ठोके देई. पुलावर उभी चिगुसा ठोके मोजी. पहिल्या सकाळी एकोणीस. दुसऱ्या सकाळी एकवीस. त्याच दिवशी वरच्या उएदांचं वासरू गेलं, दुसऱ्या दिवशी काजियांचं. एइझो कोणाच्या गोठ्यात जाईना, घरीही बसेना. पुलाशी कढई मांडून तो दिवसभर टॉवेल उकळी. कोगाच्या लग्नातले, आजीच्या पेटीतले, देवळाने दिलेले. प्रत्येक वासराला स्वतःचा टॉवेल, त्यावर दोऱ्याने काढलेलं त्याचं नाव. एकाहत्तर वर्षांचा माणूस चष्मा लावून नावं शिवत बसे, आणि लेकीशी शब्द बोलत नसे.

"बाबा, माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर?" त्याने दोरा दाताने तोडला. "चार अहवाल चुकले, तरी पाचव्यांदा बघायची हिंमत केलीस. मी चाळीस वर्षांत एकदा तरी बघितलं का, टॉवेल कुठे कुठे फिरतो ते? गप्प बस आणि ठोके मोज."

सोळा. बारा. बारा. नऊ. लस अंगी लागल्यावर एकही नवं आजारी पडलं नाही. पाच. तीन. तीनवर आकडा चार दिवस अडकून बसला, आणि गावात कोणाला जेवण गोड लागेना. मग दोन. मग एक, ते तोकुजिरोचंच, प्रदर्शनात मिरवलेलं. फुजिनो आजी रोज सर्वांत खणखणीत आवाजात "माझं शून्य!" म्हणे, आणि ते शून्य कसलं ते ठाऊक असल्याने चिगुसाला रोज गलबलून येई.

अठराव्या सकाळी दाट धुकं होतं. कोगा ओरडला, "शून्य!" आजी ओरडली, "शून्य!" देवळाजवळून, पाणचक्कीवरून, दोन्ही उएदांकडून, काजियांकडून, धुक्यातून वर वर जात, माणूस दिसत नाही, फक्त आवाज: शून्य, शून्य, शून्य. मग सगळं थांबलं. वर तोकुजिरोचं घर. चिगुसा श्वास धरून उभी राहिली. एइझोच्या हातातलं लाकूड कढईतच राहिलं.

ठोका नाही.

अजून थोडा वेळ गेला. ठोका नाही.

आणि मग घंटा अशी सुटली की काय सांगू! दहा, वीस, तीस, मोजायचीच सोय नाही. गेलं, सगळं गेलं, पुन्हा साथ उसळली! ती गाडीकडे धावणार तोच रस्त्यावरून तोकुजिरो येताना दिसला. घंटा बायकोच्या हाती देऊन, अनवाणी, हात वर करून तो उतारावरून धडपडत येत होता.

"शून्य! माझ्याकडेही शून्य! छत्तीसच्या छत्तीस उभी आहेत, दूध मागतायत! शून्याला ठोके किती द्यायचे ते कोणी सांगितलंच नव्हतं की गं!"

चिगुसाने हसत, रडत कोगाला मिठीच मारली. तो बिचारा लाजून लाल. वरच्या घरांतून माणसं रस्त्यावर आली. गोठ्यात नाही हां, रस्त्यावरच. शिस्त म्हणजे शिस्त. आजी शेवटी काठी टेकत आली.

"तुमच्या वासराने वाचवलं सगळ्यांना," चिगुसा तिचा हात धरून म्हणाली.

"माहितीये मला," आजी म्हणाली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, मोकळी रडली.

तोकुजिरोने दम खाल्ला आणि एइझोपुढे येऊन उभा राहिला. "काय रे, नऊ वासरांचे ठसे राहिलेत. फेरी कधी?"

"मी सांगितलंय. हा हात आता…"

"तुझा हात गेला चुलीत! दुसऱ्याच्या हातून ठसा फिसकटला तर तू मला निस्तरून देणार आहेस का? दुसरा कोण आहे दरीत? बोल, कधी येतोस माझ्याकडे?"

सगळे एइझोकडे बघत होते. त्याने लेकीकडे पाहिलं. म्हाताऱ्याने कढईतलं लाकूड बाहेर काढलं, खाली ठेवलं, आणि चाळीस वर्षांचा सगळा तोरा एकदम परत आणून तो म्हणाला, "उद्या सकाळी निघतो. पण तुझ्याकडे सगळ्यात शेवटी. कोगाचं अजून लहान असलं तरी पहिला मान त्याच्या गोठ्याचा."